चाळीस वर्षं थांबलेली भिंत

चर्चगेट स्टेशनात रोज लाखो माणसं उतरतात. त्यातल्या फार थोड्यांनी ते चर्च पाहिलेलं असतं. स्टेशनाच्या आसपास ते सापडतही नाही. हुतात्मा चौक ओलांडून वीर नरिमन रस्त्यानं हॉर्निमन सर्कलच्या दिशेनं चालत जावं लागतं. मग झाडांच्या आड एक फिकट रंगाची, जाडजूड भिंतींची, माथ्यावर मनोरा असलेली इमारत दिसते. ते सेंट थॉमस कॅथेड्रल. इंग्रजांनी मुंबईत बांधलेलं हे पहिलं चर्च. त्याच्याकडे जाणारी कोटाची वेस म्हणजे चर्चगेट. 1860 नंतरच्या दशकात कोट पाडला, तेव्हा वेसही गेली आणि तिच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं.

मी येलदरीचा. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर 1968 साली जे धरण पुरं झालं, त्यावर माझे वडील गवंडी होते. वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत ओळंबा, गुण्या, छिन्न्या आणि दोरीचा गुंडा एका खिळ्याला टांगलेला असे. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो. अंदाजपत्रकांच्या फायली घेऊन मंत्रालयात जायची वेळ वारंवार यायची. साहेब दुपारच्या बैठकीत असले की चार वाजेपर्यंत काही काम नसे. त्या मोकळ्या वेळात मी या चर्चमध्ये जाऊन बसू लागलो. आधी सावलीसाठी, नंतर भिंतींसाठी. बांधकामवाल्याच्या घरात वाढलेला माणूस भिंतीकडे बघितल्याशिवाय राहू शकत नाही. या भिंतींचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एका गोष्टीनं मला धरून ठेवलं. या चर्चच्या भिंती पंधरा फूट चढल्या आणि तिथंच थांबल्या. सुमारे चाळीस वर्षं त्यांच्यावर छप्पर नव्हतं.

मुंबई बेट इंग्रजांकडे आलं ते लग्नात. 1661 च्या करारानं पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात ते दुसऱ्या चार्ल्स राजाला मिळालं. राजाला ते सांभाळणं परवडेना, म्हणून 1668 मध्ये त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. 1669 मध्ये जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर झाला. मुंबई हे मोठं शहर होईल हे ज्या मोजक्या माणसांनी आधी ओळखलं, त्यांतला हा एक. त्यानं न्यायालय बसवलं, परमुलखातल्या व्यापाऱ्यांना अभय देऊन बोलावलं आणि कोटाजवळ चर्च बांधायचा बेत केला. तोवर कंपनीचे लोक किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना उरकत. 1676 मध्ये काम सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी, 1677 मध्ये, ऑन्जियर सुरतेत वारला.

त्याच्यामागं काम रेंगाळलं आणि मग ठप्प झालं. वर्गणी जमली होती, ती गेली कुठं, यावर तेव्हाही कुजबुज होती. अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं सरळ आरोप केला, की गव्हर्नर सर जॉन चाइल्डनं चर्चचे पाच हजार पौंड गिळले. हॅमिल्टनचा कंपनीवर राग होता, तेव्हा त्याचं म्हणणं तोलून घ्यायला हवं. पण चाइल्डच्या कारकिर्दीत मुंबईचे हाल झाले, यात शंका नाही. मोगलांशी भांडण उकरून काढल्यावर 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत शिवडीला उतरला, माझगाव घेतलं आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून वर्षाहून जास्त काळ बसला. औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून कंपनी सुटली. त्यात रोगराई होतीच. ओव्हिंग्टन नावाचा पाद्री त्याच सुमारास मुंबईत येऊन गेला. इथं नव्यानं आलेला साहेब दोन पावसाळे काढेल तर नशीब, असं लोक बोलत, ते त्यानं टिपून ठेवलं आहे. माणसंच टिकत नव्हती, तिथं चर्च कोण पुरं करणार?

उघड्या भिंतीवर पाऊस पडला की काय होतं, हे मी लहानपणी वडिलांकडून ऐकलं आहे. चुन्याचं काम मेलेलं नसतं, ते हळूहळू घट्ट होत जातं, पण डोकं झाकलेलं असेल तरच. वरचा थर उघडा राहिला की पाणी पोटात शिरतं. दरजा धुऊन निघतात, फटीत माती बसते, पक्षी पिंपळाचं बी टाकतात. पिंपळाची मुळी एकदा चिऱ्याच्या पाठीमागं गेली, की ती चिरा ढकलते. अशा भिंतीवर पुन्हा काम सुरू करायचं तर गवंडी लगेच नवा थर लावत नाही. वरचे सैल थर उतरवतो, मुळ्या ओढून काढतो, दरजा खरवडतो. मग भिंतीला पाणी पाजतो. सकाळ-संध्याकाळ, भिंत पाणी प्यायची थांबेपर्यंत. कोरड्या जुन्या भिंतीवर ओला चुना टाकला, तर भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि चुना भुकटी होतो. वडील म्हणत, जुन्या भिंतीची तहान भागवल्याशिवाय तिच्यावर नवं काही चढवू नये. मुंबईसारख्या जागी, जिथं पाऊस चार महिने झोडपतो, तिथं चाळीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या भिंती कशा दिसत असतील, ते मला डोळे मिटूनही दिसतं.

1714 मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री मुंबईला आला. त्याला या भग्न भिंती पाहून लाज वाटली आणि त्यानं ती लाज मनात ठेवली नाही. 1715 मध्ये भर प्रार्थनेत त्यानं कंपनीच्या लोकांना चर्च बांधायचं आवाहन केलं. वर्गणीची यादी निघाली, गव्हर्नर आणि कौन्सिलनं सह्या केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला आणि त्यानं काम उचलून धरलं. बून हा बांधणारा माणूस होता. शहराभोवतीच्या तटाचं कामही त्यानंच हाती घेतलं, कारण समोर समुद्रात कान्होजी आंग्रे होते.

आपण मराठी माणसांनी या चर्चकडे पाहताना हे विसरून चालणार नाही. ते ज्या वर्षांत उभं राहिलं, ती कान्होजींच्या दराऱ्याची वर्षं. बूननं 1717 मध्ये विजयदुर्गावर आरमार पाठवलं, ते हात हलवत परत आलं. 1718 मध्ये खांदेरीवर चाल केली, तीही फसली. खांदेरी मुंबईच्या दाराशीच आहे. तिथून मार खाऊन परतलेली माणसं त्याच वर्षी नाताळला, 25 डिसेंबर 1718 रोजी, नव्या चर्चच्या उद्घाटनाला जमली.

त्या दिवशीचं वर्णन कॉबनं लिहून ठेवलं आणि जवळपास पन्नास वर्षांनी, 1766 मध्ये ते छापलं गेलं. त्या वर्णनातल्या एका माणसासाठी मी हा लेख लिहायला बसलो. रामा कामती. शेणवी ज्ञातीतला बडा व्यापारी, कंपनीच्या शिपायांची सरबराई आणि सरदारकी सांभाळणारा, मुंबईतल्या हिंदूंचा एक प्रमुख. तो आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन चर्चच्या दाराशी आला होता आणि आत चाललेला विधी बराच वेळ उभा राहून पाहत होता. हे कॉबनं समाधानानं नोंदवलं आहे.

याच रामा कामतीनं 1715 मध्ये मलबार टेकडीवरचं वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधलं. जुनं देऊळ पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झालं होतं. म्हणजे त्या एकाच साली मुंबई बेटाच्या दोन टोकांना दोन पडक्या देवस्थानांवर दगड चढत होते. एकीकडे कॉबचे गवंडी, दुसरीकडे कामतीचे. बेट लहान होतं. दगडाच्या खाणी त्याच, शिंपले भाजून चुना करणाऱ्या भट्ट्या त्याच, आणि हातही बहुधा त्याच माणसांचे. रामा कामती चर्चच्या दारात उभा राहिला तेव्हा तो परक्याचा तमाशा बघत नव्हता. देऊळ उभं करायला काय लागतं, हे त्यानं नुकतंच स्वतः केलं होतं. त्याच्या नजरेत एका बांधणाऱ्याची दुसऱ्या बांधणाऱ्याबद्दलची आस्था असणार, असं मी मानतो.

पुढचं वाईट आहे. दोन वर्षांच्या आत, 1720 मध्ये, कंपनीनं त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. खांदेरीच्या मोहिमेत त्यानं कान्होजींना आतली बातमी पुरवली, असा ठपका होता. पुरावा म्हणून कान्होजींच्या नावाचं एक पत्र पुढे आलं. साक्षीदाराची बोटं दाबून त्याच्याकडून कबुली काढली गेली. न्यायाधीश कंपनीचेच, फिर्यादीही कंपनीच. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. 1728 मध्ये रामा कामती तुरुंगातच मेला. ते पत्र बनावट होतं, हे नंतर इतिहासकारांनी दाखवून दिलं. खांदेरीचं अपयश कुणाच्या तरी माथी मारायचं होतं, ते त्याच्या माथी मारलं गेलं.

चर्च मात्र उभं राहिलं आणि वाढत गेलं. या इमारतीचं वय तिच्या अंगावरून वाचता येतं, त्यासाठी पुस्तक लागत नाही. मधलं मोठं दालन जुनं. खांब साधे, कमानी अर्धगोल, भिंती किल्ल्याला शोभतील एवढ्या जाड. खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवला तर भिंतीची जाडी कोपरापर्यंत कळते. यात नटवेपणा अजिबात नाही. ज्यांनी हे बांधलं ते व्यापारी होते, राज्यकर्ते झालेले नव्हते. समुद्रातून तोफ आली तर आसरा घेता येईल अशी भिंत त्यांना हवी होती, आणि पावसात टिकणारं छप्पर. एवढं मिळालं की त्यांचं भागत होतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

जवळजवळ शंभर वर्षं या चर्चला संताचं नावही नव्हतं. सगळे त्याला मुंबईचं चर्च एवढंच म्हणत. 1816 मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडलटन आले, त्यांनी विधिपूर्वक अर्पण करून त्याला संत थॉमसचं नाव दिलं. हे नाव मला फार योग्य वाटतं. थॉमस हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, हिंदुस्थानात आला असं ख्रिस्ती परंपरा मानते. त्याची कथा अशी, की गोंडोफर्निस राजानं त्याला महाल बांधायला पैसे दिले. थॉमसनं ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकले आणि राजाला सांगितलं, तुझा महाल स्वर्गात उभा आहे. गोंडोफर्निस हा खरा राजा होता, वायव्य सरहद्दीच्या मुलखात त्याची नाणी सापडली आहेत. या कथेमुळे थॉमस बांधकामवाल्यांचा संत झाला आणि युरोपातल्या चित्रांत त्याच्या हातात गुण्या दिसतो. काटकोन तपासायचा तो गुण्या, वडिलांच्या खिळ्याला टांगलेला असे तसाच. देवाच्या भक्ताच्या हातात गवंड्याचं हत्यार देणारी परंपरा मला मनापासून जवळची वाटते.

1837 मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, थॉमस कार, आणि चर्चचं कॅथेड्रल झालं. लगोलग पश्चिमेला जुना छोटा घंटाघुमट काढून आजचा मनोरा चढवला. आता कंपनी राज्य करत होती. पेशवाई बुडून वीस वर्षं झाली होती. मनोऱ्याची उंची त्या आत्मविश्वासाची आहे.

मग आला कापसाचा पैसा. चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानावर आधी कापसाच्या गाठींचे ढीग लागत. 1844 मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला, पण पैसा याच परिसरात फिरत राहिला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. आमच्याकडची काळी जमीनही त्याच पट्ट्यातली, तेव्हा हा इतिहास मला लांबचा वाटत नाही. शेतकऱ्याच्या हाती त्यातलं किती लागलं, हा वेगळा विषय. मुंबईत मात्र बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. त्याच दशकात सरकारी वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ यानं चर्चचा पूर्वेकडचा, वेदीचा भाग नव्यानं बांधला, गॉथिक धाटणीत. टोकदार कमानी, उभट खिडक्या, रंगीत काचा. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि मुंबईतला फुगा फुटला. मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. आज दालनात उभं राहून पूर्वेकडे बघा. तुमच्या डोक्यावर 1718 ची साधी गोल कमान असते, आणि वेदीपाशी अचानक टोकदार गॉथिक सुरू होतं. दोन्हींचा सांधा झाकलेला नाही. शिकलेला स्थापत्यकार याला विजोड म्हणेल. मला त्यात फसवाफसवी नाही, हे आवडतं. जिथं एका पिढीचं काम संपलं तिथं दुसरीचं सुरू होतं, आणि भिंत ते लपवत नाही.

बाहेर पश्चिमेला गॉथिक घडणीचं एक कारंजं आहे. त्याचा आराखडा इंग्लंडातल्या गिल्बर्ट स्कॉटचा, पैसे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडिमनी यांचे. ख्रिस्ती देवळापुढं पारशाच्या पैशानं पाण्याची सोय. मुंबईची रीतच ही.

आतल्या भिंतींवर संगमरवरी स्मारकांची दाटी आहे. अॅडमिरल मेटलंड इथं आहे. वॉटर्लूनंतर 1815 मध्ये नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण गेला, तो हा. 1839 मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला. बाकी बरेचसे लहान वयात गेलेले. विशी-पंचविशीचे लेफ्टनंट, बाळंतपणात गेलेल्या बायका, काही महिन्यांची मुलं. पाट्या वाचत गेलं की ओव्हिंग्टनच्या दोन पावसाळ्यांचा अर्थ कळतो, आणि ही माणसं कोण होती याचा हिशेब बाजूला ठेवून त्यांची कणव येते.

एका स्मारकापाशी मी नेहमी जास्त थांबतो. गव्हर्नर जोनाथन डंकन, 1811 मध्ये वारला. काशीत संस्कृत पाठशाळा काढणारा हाच. मुलगी जन्मली की मारायची, ही चाल काशीकडे आणि काठेवाडात बंद पाडण्यासाठी त्यानं प्रयत्न केले. ते काम त्याच्या स्मारकावर शब्दांत कोरलं आहे आणि दगडी मुलांच्या रूपानं घडवलंही आहे. शिल्प इंग्लंडातून घडवून आणलेलं. इतक्या लढायांच्या आणि बढत्यांच्या पाट्यांमध्ये मुली वाचवल्याबद्दल उभारलेला हा एक दगड. ज्या जिल्ह्यांमधून मी नोकरी केली, तिथं मुलींच्या जन्माचे आकडे काय सांगत होते हे मला माहीत आहे. म्हणून त्या दगडासमोर मला मान झुकवावीशी वाटते.

1911 मध्ये पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथं प्रार्थनेला आले, त्यांच्या खुर्च्या अजून जपून ठेवल्या आहेत. 1970 पासून हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं कॅथेड्रल आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचं जतन झालं आणि 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाचा गौरव झाला. अशा कामाचं मोल आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावून मोकळं होणारे ठेकेदार गावोगाव आहेत. सिमेंट ओल कोंडतं, भिंत आतून कुजते. आमच्याकडच्या कितीतरी हेमाडपंती देवळांचं याच गिलाव्यानं आणि ऑइलपेंटनं वाटोळं केलं आहे. इथं तसं होऊ दिलं नाही, यासाठी त्या माणसांना दंडवत.

आणि एक गोष्ट, जी पाटबंधारे खात्यातल्या कुणालाही लागलीच पटेल. आमच्या कालव्याचं प्रत्येक माप मुखापासून धरतात. साखळी शून्य तिथं. फूट पडली, मोरी खचली, गेट अडकलं, की आधी साखळी क्रमांक सांगायचा. जुन्या मुंबईची साखळी शून्य म्हणजे हे चर्च. इंग्रजांनी इथून उत्तरेकडे काळ्या पाषाणाचे मैलाचे दगड रोवत नेले, प्रत्येकावर रोमन आकडा आणि मैल. रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले तसे ते बुडाले. काहींचं फक्त डोकं फुटपाथवर दिसे, त्याला कुणी शेंदूरही फासे. अलीकडे महापालिकेनं त्यांतले बरेच उकरून, साफ करून पुन्हा उभे केले आहेत. एकापाशी बसून मी आकड्यावरून बोट फिरवलं. छिन्नी डावीकडून चालवली आहे, खोबणीची एक कड तासलेली आणि दुसरी जराशी फुटकी. काळा पाषाण असा फुटतोच, तो कापताना हात स्थिर राहत नाही. कोरणाऱ्याला तो आकडा वाचता येत असो-नसो, त्यानं रेघ ओळंब्यात ठेवली आहे.

चर्चच्या भिंतींवर शेकडो नावं आहेत. रामा कामतीचं नाही. ते असायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे. उद्घाटनाच्या दिवशी तो तिथं हजर होता, याची साक्ष खुद्द या चर्चच्या पाद्र्यानंच दिली आहे. त्याच्यावरचा डाग पुसला गेला आहे. मोठं स्मारक नको, संगमरवर तर नकोच. पश्चिमेच्या दाराशी, जिथून तो आत पाहत होता त्या बाजूला, काळ्या पाषाणाचा हातभर चिरा बसवावा. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत एवढंच असावं: रामा कामती, वाळकेश्वराचं देऊळ बांधणारा, 25 डिसेंबर 1718 रोजी आपल्या ज्ञातीच्या लोकांसह इथं उभा होता, 1728 मध्ये खोट्या पुराव्यावर भोगलेल्या कैदेत वारला. चर्चच्या विश्वस्तांनी, महापालिकेनं किंवा वाळकेश्वरच्या मंडळींनी, कुणीही हे मनावर घेतलं तर कोरणारे पाथरवट मी जिंतूरहून घेऊन येईन.